रंगाखालची चिमा

सन छत्तीसची गोष्ट, पोरांनो. मार्गशीर्ष अमावास्येची आदली सकाळ. आमच्या कचेरीतला गंगाराम कारकून मांडवी बंदरावर गेला होता. मुंबईच्या बोटीनं त्याच्या फोटोच्या काचा यायच्या होत्या. डोळ्यांना न दिसणारा उजेड पकडणाऱ्या काचा. मागवल्या होत्या दोन. एक वाटेत फुटली, एक उरली.

घरी सासू बसलेली. बुरोंडीची भागूबाई, पहिल्या बायकोची, चिमाची आई. चिमा जाऊन तीन वर्षं झाली होती.

"जावयबापू, पोरीचं त्वांड एकदा दावा. डोळं हायत तवर." मोतीबिंदू उतरत होता तिच्या डोळ्यांत. उद्या दुपारच्या बोटीनं ती परत जाणार होती.

"साफ करायला काढलाय फोटो," गंगाराम म्हणाला.

खोटं बोलला. चिमाचा फोटो होता एकच, फोटोवाल्याकडे दोघांनी जोडीनं काढून घेतलेला. दुसरं लग्न ठरलं तेव्हा चिमाच्या अंगावर त्यानं निळाकाळा रंग फिरवला नि वर फुलझाडाची कुंडी रंगवली. स्वतः त्यात चांगला दिसत होता ना, म्हणून फाडला नाही! जिच्यावरून दुसरा छाप निघाला असता ती फोटोवाल्याकडची मूळची काच तर केव्हाच फुटली होती. बाई मेली की पुसायला आपल्याला कितीसा वेळ लागतो?

पण त्यानं वाचलं होतं, तो न दिसणारा उजेड असल्या रंगातून आरपार जातो. भर दुपारी, भिंगावर गडद लाल काच लावून, त्यानं त्या रंगवलेल्या फोटोचा फोटो घेतला.

रात्री सव्वाआठला तो कोठीच्या खोलीत शिरला. एरवी तो लाल कंदील लावून काच धुवायचा. या काचेला तोही चालत नव्हता. पार काळोख हवा.

"मालन, बाहेरून कडी घाल," तो नव्या बायकोला म्हणाला. "मी हाक मारीपर्यंत उघडू नकोस. फट पडली तरी काच जाईल."

"आणि हाक ऐकू नाही आली तर?"

"तर नवरा कोठीत ठेवलाय म्हणून सांग."

ती हसली. कडी पडली.

काच तबकातल्या औषधात सोडून गंगाराम ते तबक हलवायला लागला. सहाशे आकडे मोजायचे होते. शंभर झाले. दोनशे झाले. हात भरून आला म्हणून तो थांबला.

तबक हलतच होतं.

औषध काठाला लागत होतं. चुळुक... चुळुक...

बाबल्या, हसू नकोस. विज्ञान शिकलेला माणूस तो. औषधाचा हेलकावा उरला असेल म्हणाला, नि काचेचं भान विसरून खिशातून काडेपेटी काढली.

कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

हात गार नव्हता. ओला नव्हता. साधा बायकोचा हात. बांगड्या त्याच्या हाडावर टेकल्या.

काडेपेटी पडली. त्यानं ओढून पाहिलं. पकड घट्ट झाली. हाक मारायला तोंड उघडलं... आवाज नाही. दुसऱ्या हातानं दार चाचपलं. भिंत. पुन्हा भिंत. दार त्याच बाजूला होतं...

पलीकडे मालन भांडी घासत होती. चार हातांवर. ऐकू येत होतं.

आणि त्याला कळलं. हा काळोख त्यानंच रंगवलेला होता. तेव्हापासून कुणीतरी त्यात उभं होतं. आता बाहेर यायला निघालं होतं. म्हणून काडी ओढू देत नव्हतं.

त्यानं ओढाताण सोडली. मोजायला लागला. तीनशे... पाचशे... सहाशे. मनगट धरलेल्या हातानंच काच उचलली, चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या पाण्यात ठेवली. उभा राहिला.

किती वेळ... कोण जाणे.

पकड सुटली. "मालन," तो म्हणाला. आवाज आला.

सकाळी उन्हात कागदावर छाप उतरला. कुंडी नव्हती. चिमा होती, स्वच्छ, हनुवटीवरच्या गोंदणासकट.

भागूबाईनं कागद नाकाशी नेला. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "फोटोवाल्याम्होरं नवऱ्याचा हात धरलान? येवडी धीट कवा झाली?"

गंगारामनं जुना फोटो काढून शेजारी धरला. त्यात त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, मोकळे. अजून आहेत.

नव्या छापात त्याचं मनगट चिमाच्या मुठीत आहे.