जानूची लोळण

"मी माफीनामा लिहिणार नाही," यशोधरा म्हणाली आणि तिने हातातल्या कागदाची घडी घालून ती कंपासपेटीत कोंबली.

दिवाळीची सुट्टी नुकती लागली होती. भाजे गावात भातकापणीची घाई चालली होती. यशोधरा, तिचा धाकटा भाऊ प्रितम आणि शेजारची जानू, तिघंही सरूमावशीच्या खळ्यावर पेंढ्यांच्या उडवीला टेकून बसले होते. एरवी अशा दिवशी त्यांनी अर्धा किल्ला बांधून काढला असता. पण आज तिघांचीही डोकी तापली होती, आणि का तापू नयेत? चोरी एकाने करायची आणि माफी दुसऱ्याने मागायची, हा कुठला न्याय?

त्याचं झालं असं. यशोधरा आठवीत. गेल्या मे महिन्यात तिने सरूमावशीच्या मागे मागे फिरून गावातल्या भातखाचरांची नावं गोळा केली होती. शहरातल्या माणसाला सगळी खाचरं सारखीच दिसतात. भाज्यात मात्र प्रत्येकाला नाव असतं आणि नावामागे कारण असतं. एका खाचराचं नाव 'माहेरवाशीण', कारण त्यात आलेलं पाणी चार दिवस राहतं आणि निघून जातं. एकाचं नाव 'भांडण', कारण दोन भावांनी त्याच्या बांधावरून तीस वर्षं अबोला धरला. अशी चोवीस नावं यशोधराने स्वतःच्या भाषेत लिहून आपल्या ब्लॉगवर टाकली होती. तोच लेख तिने लोणावळ्यातल्या एका वाचनालयाच्या लेखनस्पर्धेला पाठवला.

आणि उत्तर काय आलं? हा लेख कॉपी आहे! संदेश सरांच्या संकेतस्थळावर हाच मजकूर, याच शब्दांत, सात वर्षांपूर्वीच्या तारखेने छापलेला आहे. तेव्हा रविवारी बक्षीस समारंभात सर्वांसमोर माफीनामा वाचून तो सरांच्या हाती द्यावा, नाहीतर शाळेला कळवण्यात येईल. माफीनामासुद्धा त्यांनीच छापून सोबत जोडला होता. 'मी, खाली सही करणारी विद्यार्थिनी, कबूल करते की...' खाली सहीला रेघ मारून ठेवली होती. केवढी ती तत्परता!

हे संदेश सर म्हणजे लोणावळ्याहून दर शनिवारी पाहुण्यांना जीपमध्ये घालून 'शेतफेरी'ला आणणारे गृहस्थ. डोक्यावर गवती टोपी, गळ्यात कॅमेरा, तोंडी सतत आपली माती. त्या मातीत त्यांचा बूट मात्र कधी कुणी बुडालेला पाहिला नव्हता.

यशोधराचे बाबा रेल्वेत गँगमन होते. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, "तूच लिहिलंयस ना?"

"हो, बाबा."

"मग सही करायची नाही."

शुक्रवारी तिघं वाचनालयात गेले. स्पर्धेचं काम पाहणाऱ्या सविता मॅडम टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी तिघांना बसायलाही सांगितलं नाही. यशोधराने ब्लॉग दाखवला, वही दाखवली, वहीतली खाडाखोडसुद्धा दाखवली. मॅडमनी सरांचं संकेतस्थळ उघडून फक्त तारखेवर बोट ठेवलं.

तेवढ्यात प्रितमने मोबाइल पुढे केला. या पोराने बसल्या बसल्या स्वतःचा ब्लॉग उघडून त्यावर 'आज मी जन्मलो, फार रडलो' अशी नोंद टाकली होती, आणि तारीख दिली होती स्वतःच्या जन्माची! आपल्या पानावर आपण हवी ती तारीख घालू शकतो, एवढंच त्याला सिद्ध करायचं होतं. जानूला हसू आवरेना.

मॅडमना मात्र हसू आलं नाही. तसं करता येतं म्हणजे सरांनी तसं केलं असं होत नाही, त्या म्हणाल्या. वर आणखी एक वाक्य त्यांनी टाकलं. "एवढ्या मोठ्या माणसाला तुझ्यासारख्या मुलीचं लिहिलेलं चोरायची काय गरज?"

यशोधराचे कान लाल झाले. तिने वही मिटून उचलली. बाहेर आल्यावर मात्र तिने पायातली चप्पल अशी आपटली की चपलेचा अंगठाच तुटला.

"तुझ्यासारख्या म्हणजे कसल्या?" ती म्हणाली. "आता पुरावाच आणून ठेवते त्यांच्या टेबलावर."

शनिवारी शेतफेरी भाज्यात आली. तिघं उडवीमागे दडून बसले. सरांनी आल्या आल्या काय करावं? खळ्यावर भात झोडणाऱ्या सरूमावशीला त्यांनी हाताने खूण करून बाजूला व्हायला सांगितलं, कारण म्हणे फोटोत गर्दी दिसत होती. तिच्याच खळ्यावर! सरूमावशी कंबरेवर हात ठेवून जागच्या जागी उभी राहिली, तेव्हा सर स्वतःच चार पावलं सरकले.

मग त्यांनी मोबाइल काढला आणि एकेका खाचराकडे बोट दाखवत वाचायला सुरुवात केली. माहेरवाशीण झाली, भांडण झालं. शब्द न् शब्द यशोधराचा होता. पाहुणे माना डोलावत होते. एका बाईंनी तर सरांना विचारलं की इतकं सुंदर तुम्हाला सुचतं कसं? सर नम्रपणे हसले. यशोधराने मुठीतला पेंढा पिळून त्याचा चुरा केला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"आणि हे," सर सगळ्यात खालच्या खाचराकडे वळून म्हणाले, "हे 'जानूची लोळण'."

जानूने चमकून मान वर केली.

सरांनी आवाज खाली आणला. जानू हा या भागातला एक शूर पहारेकरी होता, त्यांनी सांगितलं. शत्रूशी लढताना तो घायाळ झाला, आणि याच मातीत लोळत लोळत त्याने प्राण सोडला. तीनशे वर्षं झाली, पण गाव त्याला विसरलेलं नाही. दोघा-तिघा पाहुण्यांनी तर खाचराला नमस्कार केला.

जानूने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला म्हणून बरं, नाहीतर तिथेच सगळं फुटलं असतं. कारण जानू मेलेली नव्हती. ती बारा वर्षांची होती, तिचं शाळेतलं नाव जान्हवी होतं, आणि दोन वर्षांपूर्वी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी रोपांच्या मुठी घेऊन बांधावरून ऐटीत चालताना ती घसरली होती. नुसती पडली असती तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. पण उठताना पुन्हा पडली, मग चिडून तिने चिखलात हातपाय आपटत चक्क लोळण घेतली. सरूमावशीने त्याच वर्षी एका मोठ्या खाचराची दोन करून घेतली होती. नव्याला नाव नव्हतं, ते जानूने मिळवून दिलं. यशोधराने ब्लॉगवर तेवढं एकच नाव कारण न सांगता लिहिलं होतं, कारण जानूने तिला तशी शपथच घातली होती.

जीप निघून गेली. प्रितम पोट धरून हसत होता. यशोधरा मात्र बोटांवर वर्षं मोजत होती.

"जानू, सात वर्षांपूर्वी तू किती वर्षांची होतीस?"

"पाच."

"आणि लोळलीस कधी?"

जानूने दोन बोटं वर केली. प्रितमचं हसू थांबलं. जे नाव दोन वर्षांपूर्वी पडलं, ते सात वर्षांपूर्वीच्या लेखात आलं कुठून?

पण हे सिद्ध करायचं तर सगळ्या लोणावळ्यासमोर ती लोळण सांगावी लागणार होती. त्या वेळी प्रितमने बाबांच्या मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला होता, आणि तो पुसून टाक म्हणून जानू दोन वर्षं त्याच्या मागे लागली होती. यशोधरा चपलेचा तुटका अंगठा खोचत बसली. एवढं मोठं मागायचं कसं?

जानूने थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "त्यो व्हिडिओ अजून हाय का रं?" तिने प्रितमला विचारलं. "मग उद्या दाव. पन शाळेत कुनी चिडवलं तर तुझंच नाव सांगीन."

रविवारी वाचनालयाचा हॉल भरला होता. संदेश सर मंचावर मधल्या खुर्चीत बसले होते. भाषणात त्यांनी वाङ्मयचौर्य हा कसा कीड लागल्यासारखा रोग आहे ते पंधरा मिनिटं सांगितलं. शेवटी म्हणाले की मुलगी लहान आहे, गावातली आहे, आपण मोठ्या मनाने तिला क्षमा केली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्यांना टाळ्या!

सविता मॅडमनी यशोधराचं नाव पुकारलं. ती मंचावर गेली आणि छापील कागद तिने टेबलावर तसाच ठेवून दिला.

"सही करण्याआधी सरांना एक विचारू? 'जानूची लोळण' मधला जानू कोण?"

सर खुलले. पहारेकरी, शत्रू, तीनशे वर्षं, सगळं पुन्हा सांगून झालं. हे नाव आपल्याला एका वृद्धाकडून मिळालं आणि सात वर्षांपूर्वी आपण ते प्रथम उजेडात आणलं, असंही त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

"नक्की सात वर्षं, सर?"

"मुली, तारीख तिथे लिहिलेली आहे."

तेव्हा तिसऱ्या रांगेतून जानू उठली. तिचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला.

"सर, मी जानू. मी अजून मेले नाही."

हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग हशा. प्रितमने मोबाइल मॅडमच्या हातात दिला. त्यात चिखलाने माखलेली जानू हातपाय झाडत होती, मागे कुणीतरी खदखदत होतं, आणि खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. सर घाईघाईने म्हणाले की व्हिडिओवरची तारीखही बदलता येते.

"व्हय का?" मागून सरूमावशी उठली. काल खळ्यावर होते तसेच तिचे हात कंबरेवर होते. "आन माझं खाचार बी बदालतं का? दोन सालाच्या आदी त्ये खाचार न्हवतंच. मीच मधी बांध घातला, आन ही पोरगी लोळली म्हनून मीच नाव ठिवलं. तुमचा म्हातारा कोन त्यो? कुटं ऱ्हातो? बोलवा की त्याला हितं."

सर टेबलावरची टोपी सरळ करू लागले. नक्कल करायलाही अक्कल लागते, आणि ती त्यांनी जीपमध्येच ठेवली असावी.

सविता मॅडमचा चेहरा उतरला होता. त्यांनी माइक हातात घेतला आणि सर्वांसमोर यशोधराची माफी मागितली. लिहिणारी आठवीतली असो की आणखी कुणी, लिहिलेलं तिचंच असतं, आणि आपण शब्द न पाहता माणसं पाहिली, असं त्या म्हणाल्या. मग त्या सरांकडे वळल्या. संकेतस्थळावरचा लेख आत्ताच्या आत्ता काढायचा आणि लेखी माफी इथेच द्यायची. हॉलचा नूर बघून सरांनी आधी मोबाइलवरून लेख काढला. मग टेबलावरचे कागद पुढे ओढले आणि खाली मान घालून भराभर लिहिलं, खरडून सही केली आणि टोपी उचलली. ते दाराकडे निघाले तोच यशोधरा तो कागद मोठ्याने वाचू लागली.

"'मी, खाली सही करणारी विद्यार्थिनी, कबूल करते की...'"

सर दारातच थांबले. पुढचं हशात कुणालाच ऐकू आलं नाही. टेबलावरचा छापील नमुना त्यांनी जसाच्या तसा उतरवून काढला होता!

यशोधरा हसली नाही. तिने हशा ओसरू दिला, मग चालत जाऊन तो कागद सरांच्या हातात परत दिला, आणि दुसऱ्या हातात कंपासपेटीतलं आपलं पेन ठेवलं.

"सर, हाही कॉपी आहे," ती म्हणाली. "बसा आणि स्वतःच्या शब्दांत लिहा. आम्ही थांबतो."

सरूमावशीने दाराशी खुर्ची ओढली आणि ती तिथे ऐसपैस बसली. सर मुकाट्याने परत फिरले. पहिलं वाक्य सुचायला त्यांना वीस मिनिटं लागली.