सात पंचवीसचं दार

त्या शुक्रवारी ऋचा लिमयेची मोपेड सुरूच होईना. नारायण पेठेतून ती तरातरा चालत निघाली, लकडी पूल जवळजवळ पळतच ओलांडला, तरी कॉलेजात पोचेपर्यंत सात सत्तावीस झालेच. मंदाकिनी दामले मॅडमच्या संख्याशास्त्राच्या वर्गाचं दार सात पंचविसाला बंद व्हायचं. मग बाहेर प्राचार्य उभे असले तरी ते उघडत नसे, अशी ख्याती होती.

जिन्याच्या पायरीवर एक मुलगा आधीच बसलेला होता. स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या, मांडीवर वही.

"नाही घेणार आत," तो म्हणाला. "मी बी एका मिनिटाने हुकलो. तुम्ही?"

"दोन. आणि तुम्ही काय? मी काय तुझी आत्या आहे?"

तो इतका लाजला, की ऋचालाच ओशाळल्यासारखं झालं. ती दोन पायऱ्या सोडून बसली.

त्याचं नाव वैजनाथ. वाशिमचा, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा. कात्रजच्या हॉस्टेलात राहायचा आणि मंगळवार-शुक्रवार सकाळी मेसचं पाणी भरायची त्याची पाळी असायची. म्हणून त्या दोन दिवशी उशीर ठरलेला.

दारावर मॅडमनी नियमांचा कागद डकवला होता. वर्गातल्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी त्यावर सही केली होती. हजेरी पंचाहत्तर टक्के, म्हणजे अठ्ठेचाळीसपैकी छत्तीस तास, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. असाइनमेंट एक दिवस उशिरा दिली तर निम्मे गुण. नक्कल केली तर देणारा आणि घेणारा दोघांनाही शून्य. आणि सगळ्यात शेवटी, वर्तणुकीचे पाच गुण.

"वर्तणूक मोजतात कशी?" ऋचा म्हणाली. "तुला समजा मी पाचपैकी तीन दिले..."

"दोन काऊन कापले?"

"मघापासून बघतोयस म्हणून."

"एवढ्या बघण्याचे दोनच गेले?" तो वहीत बघत म्हणाला. "मग परवडते न."

आता खरं सांगायचं, तर मोपेड दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाली. पण पुढच्या मंगळवारी ऋचा पुलावर उगाच रेंगाळली, नदीकडे बघत उभी राहिली, आणि बरोब्बर सात सत्तावीसला जिन्यापाशी पोचली. वैजनाथ पायरीवर होताच. मग शुक्रवारीही तेच. नारायण पेठेतली मुलगी, शाळेत कधी एक खाडा नाही, आणि आता उशीर करायला धडपडत होती. प्रेमात माणसाची अक्कल गहाण पडते म्हणतात, ते काही अगदीच खोटं नाही.

ती डब्यातून गूळपोळी आणायची. तो तिला प्रोबॅबिलिटी शिकवायचा आणि मध्येच थांबून विचारायचा, "तू ऐकून राहिली, का नुसती पाहून राहिली?" ती म्हणायची, "पाहून राहिली," आणि त्याच्या बोलीतला तो शब्द तिच्या तोंडून ऐकला की त्याला हसू आवरायचं नाही. बोटं गार पडली म्हणून एकदा त्याने आपल्या स्वेटरची एक बाही लांब करून तिच्या हातावर ओढली होती.

बाकीच्या दिवशी वर्गात मात्र ती पहिल्या बाकावर, तो शेवटच्या. मधे साठ पोरं.

संख्याशास्त्राची ही हुशार विद्यार्थिनी, पण पंधरा खाडे झाले तरी तिने एक साधी वजाबाकी करून पाहिली नाही. मार्चमध्ये यादी लागली. परीक्षेला बसता न येणाऱ्यांत दोनच नावं होती, तिचं आणि वैजनाथचं.

ऋचाच्या घरी हलकल्लोळ झाला. मग आईने डॉक्टर असलेल्या मामाला फोन लावला आणि दाखला तयार झाला. कावीळ. ऋचा मान खाली घालून तो मॅडमकडे घेऊन गेली.

मॅडमनी चष्मा वर केला. "फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी होणारी कावीळ मी पहिल्यांदाच पाहते आहे. असो. नियमात दाखला चालतो."

"मॅडम, वैजनाथचं..." ऋचा म्हणाली. "त्याला पाणी भरायची पाळी असते. तो मुद्दाम नाही हो उशीर करत."

मॅडमनी दाखला फाइलमध्ये ठेवला. "पाळी पहिले तीन आठवडे होती. मग बदलली, रविवारची झाली. त्यानेच मला सांगितलं. सहा खाडे खरे. पुढचे दहा दिवस तो सात दहालाच येऊन बाहेर बसलेला असायचा. मी दोनदा म्हटलं, चल आत. म्हणाला, मॅडम, एक जण यायची आहे."

ऋचाला आपण कॉलेजबाहेर कसे आलो ते कळलं नाही. ती थेट मामाच्या दवाखान्यात गेली, हातापाया पडून वैजनाथच्या नावाचा दुसरा दाखला लिहून घेतला आणि कात्रजला पोचली.

वैजनाथ हॉस्टेलच्या फाटकात ट्रंक घेऊन उभा होता. वर्ष गेलं की खोली सोडायची, असा तिथला नियम होता. वाशिमला काकाच्या मेडिकलमध्ये काम ठरलं होतं आणि शिक्षणाला पुन्हा पैसे घालायला वडील तयार नव्हते.

"तू वेळेवर यायचास," ती म्हणाली. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू बी वेळेवर आली असतीस." तो हसला. "आत बोलायला मनाई होती न."

"आणि खाडे? मोजले नाहीस?"

"मोजत होतो. रोज वाटायचं, आज शेवटचा."

"मी मुद्दाम उशीर करायचे रे."

"माहीत होतं. मोपेड काय दर मंगळवारी बंद पडते?"

तिने दाखला पुढे केला. "मी माझा दिलाय मॅडमना. तू फक्त सही कर. वर्ष वाचेल. मला तू हवा आहेस, वैजनाथ... इथे, पुण्यात."

त्याने कागद वाचला, नीट घडी घातली आणि तिच्या हातात परत दिला. "मला बी तू पाहिजे. पण आजारी होतो असं कसं लिहून देऊ, ऋचा? त्या दिवसांत मी जेवढा बरा होतो तेवढा जन्मात कधी नव्हतो."

रिक्षा आली. त्याने ट्रंक चढवली. तिने त्याची बाही धरली होती, ती त्यानेच हळूच सोडवली.

दुसऱ्या दिवशी ऋचा मॅडमपुढे उभी राहिली आणि आपला दाखला परत मागितला.

"वर्ष जाईल," मॅडम म्हणाल्या. "तो तर गेला. तुला यातून काय मिळणार?"

"काही नाही, मॅडम. पण मी आजारी नव्हते."

मॅडमनी फाइलमधून कागद काढून तिला दिला.

थोड्याच वेळात वैजनाथचा फोन आला. मागे एसटी स्टँडचा गलका होता.

"पोचलो," तो म्हणाला. "सोमवारी पेपर हाय न तुझा? चांगला लिही. माझ्या वाटचा बी लिही."

ऋचाने फोन दूर धरला, डोळे पुसले, मग पुन्हा कानाशी नेला.

"लिहिते," ती म्हणाली.