उजवं मनगट

खोपटच्या एसटी डेपोसमोर दुसऱ्या मजल्यावर सुमती करंदीकरांचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. बावीस वर्षं लोकांच्या घरातल्या भानगडी उकलून झाल्यावर आता जिन्यात पावलं वाजली की त्यांना थकवाच येई. त्या दुपारी आले ते बाळकुमचे काळुराम भोईर. वय सत्तरीच्या आसपास, हातात खाकी पाकीट.

गुणाजींनी त्यांना पाणी दिलं. गुणाजी पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि बाईंना मदत म्हणून रोज येऊन बसत. गुन्हेगार ओळखायची त्यांना फार घाई असे.

काळुरामांनी थांबत थांबत सगळं सांगितलं. थोरला मुलगा गोविंदा नऊ वर्षांपूर्वी एका पहाटे घरातून निघून गेला, तो परत आलाच नाही. सात वर्षं वाट पाहिली, मग कोर्टातून तो मृत असल्याचं ठरवून घेतलं. सून ऋतिका त्यांच्याकडेच राहिली होती. आता त्यांनीच पुढाकार घेऊन कल्याणच्या सलिल नावाच्या विधुराशी तिचं लग्न जमवलं होतं. पंधरा दिवसांवर लग्न आलं आणि कल्याणचा शिक्का असलेलं हे पाकीट पोस्टानं आलं. आत चिठ्ठी नव्हती, फक्त फोटो होता.

फोटोत निळा शर्ट घातलेला गोविंदा पुलाच्या कठड्यावर हात टेकून उभा होता. कानाजवळचे केस पिकलेले, उजव्या मनगटावर करडा डाग. मागे मेट्रोचे खांब दिसत होते.

"तो गेला तेव्हा यातला एकही खांब नव्हता," काळुराम म्हणाले. "लग्न थांबवलंय. तो जिवंत हाय की कोणी आमची थट्टा केली, येवढं सांगा."

संध्याकाळी सुमतीबाई आणि गुणाजी बाळकुमला गेले. जुन्या शेतांवर उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या मधे भोईरांचं बैठं घर होतं. बाहेरच्या खोलीतच कुणाच्या तरी लग्नातला गोविंदाचा मोठा फोटो टांगला होता. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, डावा हात धाकट्या भावाच्या, दिपेशच्या खांद्यावर, कॉलरचं डावं टोक आत मुडपलेलं. सुमतीबाई चष्मा पुसून तो बराच वेळ पाहत राहिल्या.

गोविंदाची आई लक्ष्मीबाई खाटेवर बसल्या होत्या. फोटो आल्यापासून त्या दोन घास जास्त जेवत होत्या, असं काळुराम हळूच म्हणाले. सुमतीबाईंनी त्यांना आलेला फोटो दाखवून गोविंदाच्या उजव्या मनगटावरच्या करड्या डागाबद्दल विचारलं.

"हा इथं नव्हता," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "माझे पोराचे अंगावरची खूण न खूण मना ठावं हाय. तिकडं कुठं भाजला असंल. बघायला कोण व्हतं त्याचे जवळ."

दिपेश स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होता. दिवसभर कॉम्प्युटरवर पासपोर्ट फोटोंतली पार्श्वभूमी पांढरी करायचं त्याचं काम. गुणाजींनी बाईंकडे सूचक नजरेनं पाहिलं. सुमतीबाईंनी त्याला एवढंच विचारलं, की फोटो पाहिल्यावर पहिल्यांदा काय वाटलं.

तो उठला. मग एकट्या सुमतीबाईंना अंगणात घेऊन गेला.

"उलटा आहे. आरशातल्यासारखा फिरवलाय," तो म्हणाला. "शर्टाची बटणांची पट्टी बायकांच्या शर्टासारखी उलट्या बाजूला आलीय. आमच्याकडे असा फोटो गेला तर गिऱ्हाईक परत आणून टाकतं, म्हणून आम्ही आधी बटणंच बघतो. मी पहिल्याच दिवशी ओळखलेलं, कुणीतरी बनवलाय."

"मग बोलला का नाहीस?"

"आई जेवायला लागलेली," तो म्हणाला आणि आत गेला.

ऋतिका क्लासहून उशिरा आली. पस्तिशीची, शांत बाई. सासऱ्यांनीच तिला डोंबिवलीत डिझाइनच्या क्लासला घातलं होतं. फोटो खरा आहे का, या प्रश्नावर ती क्षणभरही अडखळली नाही.

"खराच आहे. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मी इस्त्री करत होते. शर्ट उचलायला त्यांनी हात घातला आणि उजव्या मनगटाला चटका बसला. पहाटे तर ते निघूनच गेले. त्या भाजण्याचं माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. खोटा फोटो करणाऱ्याला ते कसं कळेल?"

परतताना गुणाजी रिक्षात म्हणाले, की आता प्रश्नच मिटला, माणूस जिवंत आहे. सुमतीबाई दुखरे गुडघे चोळत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं डोंबिवलीला त्या क्लासमध्ये गेले. दीप्ती नावाची शिक्षिका मुलांना कागदावर पेन्सिलीनं चौकटी आखायला लावत होती. कॉम्प्युटर सगळे बंद. एका चित्रात दुसरं चित्र बसवायचं तर आधी कागदावर ठरवावं लागतं, असं तिनं समजावलं. उजेड कुठून येतो, डोळ्यांची पातळी कुठे आहे आणि मुख्य म्हणजे बघणाऱ्याची नजर कुठे थांबायला हवी.

सुमतीबाईंनी फोटो पुढे केला. कुणाचा आहे ते सांगितलं नाही.

"यात नजर कुठे थांबते?"

दीप्तीनं डोळे बारीक केले. "चेहऱ्यावर थांबायला हवी, पण थांबत नाही. चेहरा सावलीत ठेवलाय. कठड्याची तिरकी रेघ खाली हाताकडे नेते, मागचा खांब तिथे काळा केलाय आणि नेमका मनगटावर उजेड आहे. ज्यानं केलंय त्याला मनगट दाखवायचंय." मग ती म्हणाली, "काम चांगलं आहे. बटणं तेवढी उलटी राहिली."

बाहेर आल्यावर गुणाजी म्हणाले, "म्हणजे दिपेशच. हे काम त्यालाच येतं."

"दिपेशनं बटणं सोडली नसती, गुणाजी."

रविवारी सगळे भोईरांच्या बाहेरच्या खोलीत बसले. सुमतीबाईंनी आलेला फोटो भिंतीवरच्या फोटोशेजारी धरला.

"हा यातूनच काढलाय. शर्टाचा रंग बदलला, केस पिकवले. पण कॉलरचं मुडपलेलं टोक भिंतीवर डावीकडे आहे, पाकिटातल्या फोटोत उजवीकडे. दिपेशच्या खांद्यावरचा हात कठड्यावर आलाय. फोटो उलटा केलाय. का केला असेल?"

गुणाजींनी दिपेशकडे पाहिलं.

"कारण भिंतीवरच्या फोटोत गोविंदाचा डावा हात दिसतो, आणि करणाऱ्याला उजवा हवा होता. उलटवल्यावर डावा हात उजवा झाला आणि त्यावर डाग रंगवता आला. सगळं चित्र त्या डागासाठी रचलंय. आता तो डाग कुणाला माहीत होता? आईला नव्हता. दिपेशला माहीत असण्याचा प्रश्न नव्हता, आणि त्यानं बटणं तशी ठेवली नसती." पुढचं बोलायचा सुमतीबाईंना मनापासून कंटाळा आला होता. "ऋतिका, खोटा करणाऱ्याला ते कसं कळेल, असं तू विचारलंस. फोटो खोटा आहे. आणि ती खूण एकट्या तुला माहीत होती."

"अहो, पण लग्न तर हिचंच मोडतंय," गुणाजी न राहवून म्हणाले.

"म्हणूनच," सुमतीबाई म्हणाल्या.

ऋतिका खाली बघत बसली होती. बोलली तेव्हा आवाज चढला नाही.

"मला लग्न करायचं नव्हतं. सलिल वाईट नाहीत, मलाच परत कुणाचा संसार नकोय. पण बाबांनी स्थळ शोधलं, आईंनी शालू आणला. सगळं बाळकुम म्हणतं, असं सासर कुणाला मिळत नाही. दोनदा बोलायला गेले, तर बाबा म्हणाले, आमची काळजी करू नकोस. एवढ्या मायेला नाही कसं म्हणायचं? क्लास सुटल्यावर उलट कल्याणला जाऊन पाकीट टाकलं. वाटलं, लग्न थांबेल आणि फोटोचं हळूहळू विसरतील. मग आई जेवायला लागल्या. त्यानंतर मला बोलताच येईना."

लक्ष्मीबाईंनी विचारलं, "मग तो नाय?"

"मला नाही माहीत, आई," ऋतिका म्हणाली. "मला खरंच नाही माहीत."

म्हातारी रडली नाही. तिनं फोटो मांडीवर पालथा ठेवला आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून बसली.

"ह्यांना नाय, तर मना सांगायचं व्हतंस," ती शेवटी म्हणाली. "माझे लग्नाला तरी मना कोणी इचारलं व्हतं?"

ऋतिका उठून तिच्या पायाशी जाऊन बसली. लक्ष्मीबाईंनी तिला जवळ ओढलं नाही, दूरही केलं नाही.

सुमतीबाई निघायला उठल्या. काळुरामांनी फोन घेतला, चष्मा शोधला, आणि सगळ्यांसमोर सलिलच्या घरी नंबर लावला. पलीकडून कुणीतरी तारखेचं विचारलं असावं.

"तारीख नाय," काळुराम म्हणाले. "आमची मुलगी नको बोलते."