तालमीतल्या पोरांसाठी गोष्टी

तो आत आला तो पुस्तकासाठी नव्हेच. ऑगस्टचा पाऊस असा कोसळत होता, की शिवाजी पेठेतल्या आमच्या वाचनालयासमोरचा रस्ताच दिसेनासा झाला होता. तो दारात उभा राहून बाहीनं तोंड पुसत होता, आणि त्याच्या चपलांचं पाणी मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पसरत होतं.

“पावणं, आत तरी या, नाहीतर बाहेर तरी थांबा,” मी म्हणाले.

“आत आलो तर पुस्तक घ्यावं लागंल का?”

“वाचनालय आहे. चहा मिळत नाही इथं.”

तो हसला. हसताना आधी त्याचे डोळे बारीक व्हायचे, मग ओठ हलायचे... पहिल्याच दिवशी हे माझ्या लक्षात का यावं, कोण जाणे!

“मग गोष्टींचं पुस्तक द्या की. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांसाठी.”

ही २००२ सालची गोष्ट. मी, संघप्रिया, गडमुडशिंगीहून रोज एसटीनं यायचे. ग्रंथपाल म्हणून माझी ही पहिलीच नोकरी. त्याचं नाव कृष्णात. पेठेतच त्याची पिठाची गिरणी होती, आणि संध्याकाळी तो तालमीतल्या पोरांना फुटबॉल शिकवायचा; आमच्याकडे कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात. पावसानं मैदानाचं तळं झालेलं. पोरं तालमीत जमायची आणि भांडायची.

“काल एकाचं डोकं फुटलं,” तो म्हणाला. “म्हटलं, गोष्टी वाचून दाखवाव्यात. पर कसलं पुस्तक न्यायचं, ते कळंना.”

असं कुणी विचारलं की माझ्या अंगात येतं. “कादंबरी नको. कथासंग्रह न्या, एका बैठकीत एक गोष्ट संपली पाहिजे. या वयाला परी नको, राक्षस नको, आणि मोठ्यांच्या संसाराची रडगाणीही नकोत. पोरांना त्यांच्यासारखीच पोरं भेटली पाहिजेत. चुकणारी, पळणारी, घाबरणारी. आणि शेवटी तात्पर्य छापलंय ते पुस्तक तर हातातसुद्धा धरू नका.”

“का?”

“तुम्हाला पंधराव्या वर्षी कुणी तात्पर्य सांगितलं असेलच की. ऐकलंत?”

“न्हाय बा!”

मी त्याला वसतिगृहातल्या मुलांच्या गोष्टींचा एक बारीकसा संग्रह दिला. चार दिवसांत तो परत आला.

“एक बी पोरगं उठलं न्हाय, मॅडम! पर...” तो घुटमळला. “मीच अडकतोय. दहावीत वडील गेले, गिरणी अंगावर आली. तवापासनं पुस्तक हातात धरलं न्हवतं. जोडाक्षर आलं की पोरं हसत्यात.”

“मग आधी इथं वाचा. मला ऐकवा. मी नाही हसणार.”

मग तो रोजच यायला लागला. भुवयांवर पीठ तसंच ठेवून काउंटरपाशी बसायचा आणि बोट फिरवत वाचायचा. पुरातून धाकट्या भावाला पाठीवर घेऊन ओढा ओलांडणाऱ्या मुलीची एक गोष्ट होती. ती संपली, तेव्हा त्याचं बोट शेवटच्या ओळीवरच राहिलं. बाहेर पन्हळीचं पाणी तेवढं वाजत होतं.

“ही पोरगी तुमच्यासारखी हाय,” तो हळूच म्हणाला.

“कशावरून?”

“बोलती कमी, सुनावती जास्त.”

मी पुढचं पुस्तक शोधायला कपाटाकडे वळले... तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती.

तो मराठ्याच्या घरातला, आम्ही बौद्ध. हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही त्यावर काही बोलत नव्हतो. तेवढ्यात सांगलीचं स्थळ आलं. मी कृष्णातला सांगितलं, “रविवारी मला बघायला पाहुणे येणार आहेत.”

त्यानं पुस्तक मिटलं. “बरं... चांगलं झालं की,” म्हणाला, आणि नवं पुस्तक न घेताच निघून गेला. नंतर आलाच नाही.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मी बाबांना म्हणाले, “पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा.” मग कृष्णातचं सगळं सांगितलं. बाबा पोस्टमन, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, “पोरगा चांगला असेल गं. पण त्या घरात तुला मान मिळेल का? मला एवढंच बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगलीला नकार कळवला.

पुढच्या आठवड्यात वाचनालयात नऊवारीतल्या एक बाई आल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तूच व्हय पुस्तकवाली? मी झुंबरबाई. कृष्णातची आई.”

मी उठून उभी राहिले.

“बाप गेल्यापासनं मुकं झालतं माझं पोरगं,” त्या म्हणाल्या. “ह्या पावसाळ्यात बोलाय लागलं. पोरांस्नी वाचलेली गोष्ट रोज जेवताना मला सांगायचं. मला वाचाय येत न्हाय, पर तुझी समदी पुस्तकं माझ्या कानावरनं गेल्यात. आता आठ दिस झालं, जेवतंय आन उठतंय.” त्यांनी माझा हात धरला. “लई उपकार हायत तुझं. पर फेडाय आलो न्हाय मी. तुला मागाय आलो.”

“भावकी बोलेल, मावशी...”

“बोलंल की! बोलून बोलून दळण घिऊन माझ्याच दारात येतील.”

मला हसूही आलं आणि रडूही.

संध्याकाळी कृष्णात धावतच आला. “आई आलती म्हणं? काय म्हणाली?”

“सगळं आईनंच म्हणायचं का? तुम्हीही काहीतरी म्हणा की.”

तो कानापर्यंत लाल झाला. “पुस्तक न्यायचो ते पोरांसाठी, ते खरं. पर... परत आणायची घाई व्हायची ना, ती पोरांची न्हवती.”

“मग इतके दिवस कुठं होतात? सांगलीकरांना मी केव्हाच नको म्हटलं,” मी म्हणाले.

रविवारी मायलेकरं गडमुडशिंगीला आली. दारातच कृष्णात वाकून म्हणाला, “जयभीम, काका.” बाबांनी हात जोडले. “जयभीम. या.”

माझ्या आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. झुंबरबाईंनी तो घटाघटा रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “आणिक दे गं बाई. आन भाकरी थापत असशील, तर मी जेवल्याबिगार जायची न्हाय.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. ते उठले, आणि पंगतीसाठी स्वतःच्या हातानं सतरंजी अंथरायला लागले.