तिसऱ्या पेल्याआधी

"पन्नास प्रती काढा," तो म्हणाला, आणि नेमकी वीज गेली.

आमच्या अतारमध्ये वीज जाणं ही काही बातमी नव्हे. पण झेरॉक्सच्या यंत्राच्या पोटात कागद अर्धा अडकलेला, आणि समोर हा उंच, उन्हाने नाक सोललेला माणूस... पाठीवर बोचकं, केसांत वाळू, आणि बघतोय असा, की वीज मीच मुद्दाम घालवली!

"किती झाल्या?"

"बारा."

"बारा प्रतींत कुठवर जाता येईल?"

"शिंगेत्तीला जाऊन परत याल. त्यापुढे जायचं तर बसा वाट बघत."

आमच्या मॉरितानियात परका माणूस एकटा हिंडायला निघाला की त्याला हा कागद लागतोच. नाव, बापाचं नाव, धंदा, लग्न झालंय की नाही, कुठून आला, कुठे चालला. वाटेतल्या प्रत्येक चौकीवर एक प्रत द्यायची, मग पुढचा रस्ता मोकळा. वर्षाकाठी मोजकेच असे येतात. सगळ्या वाटा अतारहून फुटतात, आणि बाजारात चालू स्थितीतलं यंत्र माझं एकटीचं. त्यामुळे सगळ्यांचे कागद मी वाचते. हक्कच आहे म्हणा ना माझा!

याचं नाव हैकल. ट्युनिसियाच्या कुठल्याशा बेटावरचा. धंदा – होड्या दुरुस्त करणे. आणि 'अविवाहित' हा शब्द त्याने ठळक लिहिला होता, की मलाच तो ठळक दिसला... देव जाणे.

"होड्यांचा माणूस वाळवंटात काय करणार?" मी विचारलं.

"सुट्टी घेणार. पाणी बघून बघून कंटाळलो."

तेवढ्यात पडद्यामागून बाबांची हाक आली. दुकानाच्या मागेच आमचं घर. "तेकबेर! पाहुण्याला उन्हात काय उभं केलंयस? आत आण त्याला, चहा होतोय!"

वीज दोन दिवसांनी आली. तोवर हैकल घरचाच झाला होता.

माझे बाबा म्हणजे देद्दा ड्रायव्हर. चाळीस वर्षं या डोंगरवाळूत गाडी हाकली, आता गुडघ्यांनी दगा दिलाय. दिवसभर अंगणात बसतात, वाळूत बोटाने घरं पाडतात आणि काड्या-खड्यांचा डाव मांडतात. बाबांच्या काड्या, समोरच्याचे खडे. त्यांच्या आरडाओरड्यापायी गल्लीतलं कुणी समोर बसेना. हैकल बसला. हरला, हसला, पुन्हा बसला. बाबांना काय, आभाळच ठेंगणं झालं.

चहा मी करायची. उंचावरून एका पेल्यातून दुसऱ्यात ओतत फेस आणायचा, हे माझं काम. पहिला पेला, दुसरा, तिसरा. तिन्ही झाल्याशिवाय आमच्याकडे उठायचं नसतं. तिसऱ्याआधी जो उठला त्याने घराचा अपमान केला, असं बाबा मानतात, आणि एका पेल्यावरून त्यांनी सख्ख्या चुलतभावाशी सहा वर्षं अबोला धरलाय.

दुसऱ्याच दिवशी हैकलने सिदातीला पाहिलं. सिदाती माझा मेहुणा, मोठ्या बहिणीचा नवरा. अंगणात बसून मजेत शेंगदाणे खात होता. दाराशी बाबांचं खाकरणं ऐकू आलं मात्र... सिदातीने फेट्याचं टोक डोळ्यांपर्यंत ओढलं, मान खाली घातली आणि शेळ्यांच्या कुंपणावरून उडी मारून पसार!

हैकल बघतच राहिला. "यांचं भांडण आहे?"

"भांडण? बाबा सासरे आहेत त्याचे! जावयाने सासऱ्यासमोर बसायचं नसतं, खायचं-प्यायचं नसतं, तोंडसुद्धा दाखवायचं नसतं. लाज म्हणतात त्याला."

"जन्मभर?"

"जन्मभर."

"आमच्याकडे जावई सासऱ्याबरोबर पत्ते कुटतो!" तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने बाजारातून नुकताच घेतलेला फेटा ओढून सिदातीची नक्कल केली, कुंपणाला अडखळला, आणि मग मीही हसले. फार दिवसांनी तसं हसले.

तो शिंगेत्तीला गेला, तीन दिवसांनी परत आला. "प्रती संपल्या."

"पन्नास?"

"शेळीने खाल्ल्या."

आमच्या शेळ्या पुठ्ठेदेखील खातात, म्हणून विश्वास ठेवला. मग वदानला गेला. परत आला. "वाऱ्याने नेल्या." मग मालगाडीवर, खनिजाच्या ढिगावर बसून समुद्रापर्यंत गेला, आणि नखशिखान्त काळा होऊन परत माझ्या दारात. फक्त दात तेवढे पांढरे.

"आता कुणी खाल्ल्या?" मी विचारलं.

"आता... आठवावं लागेल."

त्याने तोंड धुवायला पंचा काढला, तसं बोचकं कलंडलं. आणि आतून सरसर सरसर कागद बाहेर. माझेच. कोरे करकरीत, मी काढलेले. सव्वाशे तरी असतील.

मी कागद बघितले. त्याच्याकडे बघितलं. तो पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होता, एवढा मोठा माणूस!

"शेळीने परत दिल्या वाटतं," मी म्हणाले, आणि अंगभर गुंडाळलेल्या मेलहफ्याचा पदर ओठांवर ओढला. हसू लपवायला दुसरं काय होतं जवळ?

त्या संध्याकाळी मी त्याला सांगूनच टाकलं. "माझं एकदा लग्न झालंय. काकांनी ठरवलेलं. आठ महिन्यांत परत आले."

"मग?"

"मग आईने ढोल वाजवला. मैत्रिणींनी हातभर मेंदी काढली."

"ढोल? कशाबद्दल?"

"मोकळी झाले म्हणून!"

"आमच्याकडे लोक कुजबुजले असते."

"आमच्याकडे चौघांनी मागणी घातली."

तो पेल्यातल्या फेसाकडे बघत म्हणाला, "चौघांना काय सांगितलंस?"

"पाचव्याची वाट बघते म्हणून."

बोलून गेले आणि कान तापले. त्याचा चहा तसाच गार झाला.

मला तो आवडत होता. लपवाछपवी कशाला करू? यंत्र सुरू केलं की वाटायचं, त्याचाच कागद असावा. पण पहिलं लग्न मोडून आले तेव्हा मी बाबांना सांगितलं होतं, आता मी निवडेन तोच. बाबांनी मान डोलावली होती, फक्त एक अट घालून. आणि तीच अट मी त्या आठवड्यात पडद्याआडून पुन्हा ऐकली.

आई म्हणत होती, "अहो, पोरीचं लक्ष आहे त्याच्यावर."

"मला काय डोळे नाहीत?" बाबा म्हणाले. "पोरगा सोन्यासारखा आहे. पण लाज कळत नाही त्याला. मुलगी मनात असून माझ्यासमोर मांडी ठोकून बसतो, खाताना हसतो. आपली रीत ज्याला कळत नाही त्याला मी मुलगी देणार नाही. मग तो उद्या तोंड उघडून मागो नाहीतर पाया पडो."

हैकलचा देशात राहायचा परवाना शनिवारी संपत होता. गुरुवारी दुपारी राजधानीची, नवाक्शूतची गाडी. आणि त्याला शिकवायचं तर कुणी? मी? मुलीनेच मुलाला सांगायचं, की बाबा रे, माझ्या बापापासून तोंड लपव? त्यापेक्षा मी यंत्र विकून खजूर विकायला बसले असते. जो आपण होऊन माझ्यासाठी पाऊल उचलेल तोच हवा होता मला. नसेल उचलत, तर गाडी आहेच.

गुरुवार आला. बोचकं दाराशी बांधून ठेवलेलं. बाबांनी शेवटचा डाव मांडला होता आणि नेहमीसारखे जिंकत आले होते. पहिला पेला झाला. दुसरा झाला. तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला, आणि बाबा "थांब रे, माणूस चहा पितोय!" असं ओरडत, गुडघे धरत फाटकाशी गेले.

कोपऱ्यात आई डोळे मिटून पडलेली. अंगणात आम्ही दोघं.

"तेकबेर..."

"हं."

"तुमच्याकडे एखाद्याला काही मागायचं असेल... फार मोठं काही... तर बापाशी बोलायचं असतं?"

"बापाशी तर मुळीच नाही."

"मग कुणाशी?"

मी किटलीकडे बघत राहिले. फेस काही येईना. "मी शिकवणार नाही," मी म्हणाले. "प्रती हव्या असतील तर काढून देते."

तो हसला नाही. मी तिसरा पेला भरून त्याच्यापुढे ठेवला. फाटकाची कडी वाजली. बाबांचं खाकरणं ऐकू आलं.

आणि हैकलचा हात फेट्याकडे गेला.

त्याने टोक ओढलं... नाक झाकलं, मग गाल, मग फक्त डोळे उरले, आणि ते डोळे एकदा, एकदाच माझ्याकडे वळले. मग मान खाली घालून तो उठला. भरलेला पेला तसाच, अर्धा डाव तसाच. कुंपणावरून उडी मारली, त्यात अडकला, पलीकडे धप्पकन पडला. शेळ्या ओरडल्या.

पळणाऱ्या हैकलकडे बघतच बाबा आत आले आणि पेला दिसताच थिजले. "तिसरा पेला टाकून गेला? माझ्या घरात? महिनाभर ज्याला..." आवाज चढत चालला होता.

आई उठून बसली. तिने पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अहो, ओरडू नका. तोंड झाकलं होतं का त्याने?"

"झाकलं होतं ना! डोळ्यांपर्यंत!"

"आणि मान?"

"खाली होती."

"कुठून गेला?"

"कुंपणावरून, सिदातीसारखा..." आणि बाबांचं तोंड उघडंच राहिलं. हळूहळू ते चटईवर टेकले.

मग आईने जी आनंदाची किलकारी मारली, ती बाजारापर्यंत गेली. शेजारणीने भिंतीपलीकडून उत्तर दिलं, तिच्या शेजारणीने तिला. क्षणात गल्लीभर किलकाऱ्या! कुणाला कारण ठाऊक नव्हतं, पण आमच्याकडे आनंदाचं कारण मागाहून विचारतात.

बाबा मात्र डावाकडे बघत होते. "जिंकत होतो मी," ते पडेल आवाजात म्हणाले. "आता हा जन्मात माझ्यासमोर बसायचा नाही." मग त्यांनी डोळे पुसले, मिश्यांतल्या मिश्यांत हसले आणि फाटकाकडे तोंड करून गरजले, "ए, जा रे तू गाडी घेऊन! आमचा माणूस येत नाही!"

मी पेला उचलला आणि कुंपणाला वळसा घालून गेले. तो शेळ्यांमध्ये बसला होता, गुडघा खरचटलेला, तोंड अजून झाकलेलं.

"बरोबर केलं ना?" त्याने कुजबुजत विचारलं. "तीन दिवस सिदातीकडून शिकतोय. मघाशी नुसता तुझा अंदाज घेत होतो. तो म्हणाला, उडी नीट मारायची. तीच तेवढी चुकली."

"फेटाही उलटा गुंडाळलायस."

"तेकबेर, तुझ्या बाबांना कळलं. गावाला कळलं. पण तू अजून काही बोलली नाहीस."

"आधी पेला संपव. आमच्याकडे तिसऱ्याआधी उठत नाहीत."

त्याने फेटा खाली ओढला आणि चहा एका घोटात संपवला. जीभ पोळली असणार, पण माझ्यावरची नजर हलली नाही.

"हो," मी म्हणाले. "हजारदा हो."

"मग शनिवारचं काय करायचं? परवाना..."

"नवा अर्ज करायचा. प्रती मी काढून देईन. फुकट."

भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला, भिंतीशीच बोलल्यासारखा. "पोरी! तिकडे शेळ्यांत कुणी बसलं असेल तर सांग त्याला, माझी काडी दोन घरं पुढे आली. त्याचा खडा कुठे जातो म्हणावं?"

हैकल माझ्या कानाशी झुकला. काय सांगितलं त्यातलं निम्मं डावाचं नव्हतं. उरलेलं निम्मं मी भिंतीवरून ओरडून सांगितलं.

पलीकडून बाबांची जोरदार शिवी, आणि त्यामागून आईचं हसू.

पहिल्यांदाच हरले होते बाबा.