पाहुण्याचे पाय

अडुसष्ट सालच्या फेब्रुवारीत परदेशातून आलेल्या मिशनच्या तरुण मंडळींनी सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे, विणकरांच्या वस्तीत सेवादिन ठेवला. सकाळी गटारं उपसायची, दुपारी म्हाताऱ्यांचे पाय धुवायचे. येशूने शिष्यांचे धुतले होते म्हणे. मी मिशनच्या शाळेत गणित शिकवत असे, इंग्रजी बरं होतं, म्हणून दुभाष्याचं लोढणं माझ्या गळ्यात. आपल्याकडे यजमान पाहुण्याचे पाय धुतो. इथे पाहुणेच यजमानांचे धुवायला निघाले होते. उलटी गंगा! वस्तीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

माझ्या वाट्याला एडिथ आली. वीस-एक वर्षांची, उन्हाने लालबुंद झालेली, पण कुरकुर नाही. सकाळभर गटारात उभी होती. इतकं भलं माणूस मी क्वचितच पाहिलं, आणि त्याचा मला रागही येत होता.

शेवटचं घर नानाजींचं. दारात पाय धुवायला पाणी ठेवलेलं नव्हतं. आमच्या भागात दारी आलेल्याला पायांवर पाणी दिल्याशिवाय आत घेत नाहीत, त्यामुळे मला ते खटकलं. आत अंधार आणि खळीचा आंबूस वास. नानाजी खड्डामागावर बसले होते. या मागाला जमिनीत खड्डा असतो. विणकर काठावर बसतो आणि पाय खाली सोडून पावड्या दाबतो. नानाजींनी कमरेखाली चादर ओढून घेतली होती. हात मांडीवर स्वस्थ होते, खाली पावड्या मात्र कुरकुरत होत्या.

"पाय नाही धुवाचे," ते म्हणाले. मग एडिथकडे बघत राहिले. "हे बाई सोताच्या हातानं धुते काय, गुर्जी?"

"हो."

"वापस कवा जाते?"

"परवा. समुद्रापार."

त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या बायकोकडे पाहिलं. प्रयागबाईंनी हळूच मान हलवली.

"मंग धुवू द्या."

एडिथ खड्ड्याच्या काठाशी पालथी झोपली. मी लोट्याने पाणी ओतत होतो, ती हात खाली घालून चोळत होती. पावड्यांचा आवाज थांबला.

"किती गार पाय आहेत यांचे," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "घोट्याभोवती दोरीचा वळ आहे. खोल आहे हो. दुखतो का, विचारा ना."

मी विचारलं.

"कोनाचा?" नानाजी म्हणाले आणि त्यांनी चादर बाजूला केली.

ते मांडी घालून बसले होते. दोन्ही तळवे वर. भेगाळलेले, कोरडे ठणठणीत.

एडिथचं तोंड खड्ड्याकडेच होतं, तिचे हात खाली चोळतच होते.

"माहा भाऊ आहे थो. ईश्वरदास," नानाजी म्हणाले. "दिवारीच्या सनाचे लुगडे पुरे कराचे होते. थो उठून जाईन म्हणून मीच त्याचा पाय पावडीले बांधला. ताप होता त्याले. बसल्या जागी गेला. गेला तं गेला, पन उठला नाही."

"आमी कोनालेच पायावर पानी नाही देत," प्रयागबाई म्हणाल्या. "ज्यानं पाय धुतले, पाहुना त्याचा."

"काय म्हणतात?" एडिथने विचारलं.

"दुखत नाही म्हणतात."

दुसरं काय सांगणार होतो त्या पोरीला?

ती खूश झाली. तिने ते पाय नीट पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. उठून दोघांना हात जोडले. आम्ही उंबरा ओलांडला, तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. प्रयागबाई टोपलीने खड्ड्यात माती टाकत होत्या. नानाजी पायांनी ती दाबत होते.

बाकीची मंडळी पुढच्या गाडीतून गेली होती. एडिथ जीपमध्ये मागे एकटीच बसली. ड्रायव्हर ओमप्रकाश मागची फळी धरून उभा होता, ती काही लावेना.

"चल ना रे," मी म्हणालो.

"रुको ना साब. उनको तो चढने दो."

एडिथ थोडी सरकली. पिशवीतून एक कोरडा टॉवेल काढून तिने शेजारच्या रिकाम्या जागेखाली, पाय ठेवायच्या पत्र्यावर अंथरला.

तलावापर्यंत पोचलो, तेव्हा तो चिंब झाला होता.