नऊ नंबरवर कुणीतरी

रसायनीच्या एका केमिकल कंपनीतला जुना मेनफ्रेम संगणक कायमचा बंद करायचं काम शौनककडे आलं, कारण तो तरुण होता आणि नाही म्हणायला अजून शिकला नव्हता. मशीन कपाटाएवढं. आतली ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्या वडिलांच्या वयाची आणि तितकीच हट्टी.

तिचं घराणं मोठं. सुरुवातीच्या मशीनना सिस्टीम नव्हतीच. एक माणूस भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे एकामागून एक भरवायचा, तोच सिस्टीम. पुढे त्या माणसाला हटवायला प्रोग्राम लिहिले गेले. प्रोग्राम कारभार बघू लागले, आणि दर थोड्या वेळानं त्याच माणसाला विचारू लागले, आता काय करू? बढती मिळालेले साहेब विचारतात तसंच.

मशीन बंद करायची अट एकच: आत काम करणारे सगळे बाहेर पडले पाहिजेत. शौनकनं आज्ञा दिली. उत्तर आलं, एक जण आत आहे. टर्मिनल नऊ, म्हणजे केबलनं मशीनला जोडलेला नऊ नंबरचा स्क्रीन-कीबोर्ड. नाव हिरू.

त्यानं हिरूला काढून टाकलं. चहाचा घोट घेईपर्यंत नाव परत आलं. पुन्हा काढलं, पुन्हा आलं. थेट वीज तोडावी तर आतल्या नोंदी बिघडणार, आणि नोंदी बिघडल्या तर उद्यापासून येऊ नकोस, असं साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं.

शेवटी त्यानं पळसदरीहून अप्पांना बोलावलं. अप्पा इथले जुने ऑपरेटर. भर उन्हात स्वेटर घेऊन आले. मशीनची खोली थंड असते हे निवृत्त झाल्यावरही विसरले नव्हते.

"नऊ नंबर कुठं होतं, अप्पा?"

"ड्रमच्या गोदामात."

गोदाम जळून बरीच वर्षं झाली होती. तिथं आता पार्किंग होतं. नऊ नंबरची केबल भिंतीतच कापलेली शौनकनं स्वतः पाहिली होती.

"कितींदा काढलंस त्याला?"

"तीन-चारदा."

"असं काढत नसतात रं. आदी निरोप द्यायचा. माणूस आपला आपण निघतो."

अप्पांनी एका बोटानं रोमन अक्षरांत निरोप टाइप केला: सुट्टी झाली, बाहेर ये.

उत्तर लगेच उमटलं. दार उघडत नाय.

कुणीतरी थट्टा करतंय, असं शौनक म्हणाला. अप्पांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि ते तडक बाहेर गेले.

खिडकीतून पार्किंग दिसत होतं. अप्पा दोन गाड्यांच्या मधे थांबले. छातीच्या उंचीवर हात नेला आणि कडी ओढावी तसा ओढला. जमलं नाही. खांदा लावून पुन्हा ओढला.

मग एक पाऊल मागे सरकले. वाट दिल्यासारखे.

स्क्रीनवर आत कुणीच नव्हतं.

मशीन बंद झालं. पंखे थांबले. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली.

गेटवर शौनकनं मोटारसायकल काढली आणि अप्पांना सोडतो म्हणाला.

"तू ऱ्हातोस कुठं?"

"कर्जतला."

"बरं झालं. हिरूपण तिकडलाच, कशेळ्याचा." अप्पांनी सीटकडे पाहिलं. "मी जीपनं येतो. ट्रिपल सीट पोलीस धरतात."

शौनक हसला. एकटाच बसला, किक मारली.

मागच्या सीटखालचा शॉकअप हळूच खाली बसला.